एकेरी मालाचे दुहेरी भाडे

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अंतर तेच, रस्ता तोच, मालमोटार तीच आणि चालकही तोच. असे असताना कोल्हापूरहून रत्नागिरीला दहा टन माल आणण्यास जे भाडे पडते, तेवढेच भाडे रत्नागिरीहून कोल्हापूरला दहा टन माल नेण्यास का पडत नाही? बाजारात बसणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला किंवा हुंडेकऱ्याला हा प्रश्न विचारला, तर तो हसून म्हणेल, "तो परतीचा माल आहे ना!" व्यवहारातील माणसाला हे उत्तर पुरेसे असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ते पुरत नाही. 'परतीचा' या एका शब्दात असे काय आहे की त्याने भाडे निम्म्याहूनही खाली यावे? आणि एका बाजूचे भाडे खाली आले, तर त्याची भरपाई कोण करतो? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा आपल्या परिसराच्या आधारे विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय निवडण्याचे कारणही सांगितले पाहिजे. माझे वडील गेली अनेक वर्षे आंबा घाटातून मालमोटार चालवतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. वर्गात मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा फळ्यावर पाहताना मला वारंवार असे वाटत राहिले की, या रेषा आमच्या घरात रोजच्या जेवणाबरोबर बोलल्या जातात. फक्त त्यांना नावे नसतात.

किंमत अंतराची नव्हे, फेरीची

भाडे म्हणजे अंतराची किंमत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एस. टी.च्या तिकिटावरून ही समजूत झालेली असावी. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाण्याचे आणि तेथून येण्याचे तिकीट सारखेच असते. परंतु मालमोटारीचा धंदा असा चालत नाही. याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. प्रवासी गेलेला असतो तो बहुधा परत येतो. माल मात्र गेला की गेला. साखरेचे पोते कोल्हापूरहून रत्नागिरीला येते आणि येथेच संपते. ते परत जात नाही. गाडीला मात्र परत जावेच लागते, कारण तिचा मालक, तिचे घर आणि तिचा पुढचा माल घाटावर असतो.

म्हणून मालकाच्या दृष्टीने 'जाणे' आणि 'येणे' या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकदा गाडी माल घेऊन खाली उतरली, की तिची वर जाणारी फेरी आपोआप तयार झालेली असते. कोणी ती विकत घेवो वा न घेवो. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी अशा प्रकाराला संयुक्त पुरवठा म्हटले आहे. मेंढी एक असते, परंतु तिच्यापासून मांस आणि लोकर अशा दोन वस्तू मिळतात. मेंढी पाळण्याच्या खर्चापैकी मांसाचा किती आणि लोकरीचा किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. दोन्हींच्या किमतींची बेरीज मेंढीच्या खर्चाइतकी आली म्हणजे झाले. एकीची मागणी वाढली की तिची किंमत चढते आणि खर्चाचा अधिक वाटा ती उचलते. दुसरी त्यामानाने स्वस्त होऊ शकते.

मालमोटारीची फेरी ही अशीच मेंढी आहे. फरक एवढाच की, लोकर गोदामात ठेवता येते, भाव येईपर्यंत थांबता येते. रिकामी परतलेली फेरी मात्र साठवता येत नाही. आजची फेरी आज विकली गेली नाही, तर ती कायमची गेली. म्हणूनच परतीच्या भाड्याची घासाघीस इतकी तीव्र असते.

घाट चढण्याचा कोडग्रंथ

आता आपल्याच रस्त्याकडे पाहू. घाटावरून कोकणात काय येते? साखर, गूळ, गहू, ज्वारी, कडधान्ये, कांदा, बटाटा, भाजीपाला, दूध, पशुखाद्य, सिमेंट, लोखंडी सळ्या. म्हणजे खाण्यापासून घर बांधण्यापर्यंत बहुतेक सर्व काही. आणि कोकणातून वर काय जाते? जांभा दगडाचे चिरे, मासळी, काजू बी, जळाऊ लाकूड आणि हंगामात आंबा. यादी दोन्हीकडे लांब दिसते. परंतु तिच्यात मोठा भेद आहे. येणारा माल बारमाही आहे, जाणारा बहुतांशी हंगामी आहे. मासळीला बर्फाची खास गाडी लागते. साखर उतरवलेल्या उघड्या मालमोटारीच्या ती उपयोगाची नाही. आंब्याची मुख्य पेठ कोल्हापूर नसून नवी मुंबईतील वाशी आहे. म्हणजे घाट चढणाऱ्या रिकाम्या गाडीला खात्रीचा म्हणावा असा आधार उरतो तो चिऱ्यांचा.

हातखंब्याच्या तिठ्यावर थोडा वेळ उभे राहिले तरी हे ध्यानात येते. कोल्हापूरकडून येणाऱ्या गाडीची ताडपत्री ताणून बांधलेली असते, दोर कसलेले असतात. कोल्हापूरकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांची ताडपत्री घडी करून केबिनवर ठेवलेली दिसते आणि मागचा हौदा खडखडत असतो.

येथे एक गंमत आहे, आणि या विषयाची किल्ली मला तिच्यातच सापडली. घाट उतरताना भरलेल्या गाडीला डिझेल कमी लागते. घाट चढताना भरलेल्या गाडीला ते कितीतरी अधिक लागते. इंजिनावर, क्लचवर, टायरवर ताण येतो, वेळही जास्त जातो. म्हणजे केवळ खर्चावर भाडे ठरत असते, तर चढणीचे भाडे अधिक आणि उतरणीचे कमी असायला हवे होते. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. एकदा मी वडिलांना विचारले,

"बाबा, वर चढताना डिझेल जास्त जळतं, मग भाडं कमी का घेता?"

ते म्हणाले, "अरे, वर तर मला जायचंच आहे. माल असो, नसो. आणि चिरेवाल्याला ते ठाऊक आहे."

पाठ्यपुस्तकातील एक सबंध प्रकरण या उत्तरात आले आहे, असे मला वाटते. विक्रेत्याला वस्तू विकण्यावाचून पर्याय नाही हे ग्राहकाला माहीत असले, की किंमत खर्चावर ठरत नाही; ती ग्राहकाच्या गरजेवर ठरते. खाली येताना गरज व्यापाऱ्याला असते. वर जाताना गरज गाडीवाल्याला असते.

हिशेब

भाड्याचे दर डिझेलप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलत असतात. म्हणून खालील उदाहरणातील आकडे प्रत्यक्षातील न घेता केवळ समजण्याच्या सोयीसाठी धरले आहेत. तत्त्व मात्र तेच राहते.

समजा, एक गाडी कोल्हापूरहून दहा टन, म्हणजे शंभर क्विंटल माल घेऊन रत्नागिरीला आली आणि रिकामी परत गेली. डिझेल, चालक-क्लीनरचा भत्ता, टायरची झीज, विमा, कर्जाचा हप्ता आणि मालकाचा माफक नफा धरून या फेरीला १३,००० रुपये सुटले पाहिजेत. परत जाताना माल घेतला, तर चढणीचे जादा डिझेल आणि माल भरण्या-उतरवण्याचा खोळंबा मिळून आणखी २,००० रुपये खर्च येतो. आता चार परिस्थिती पाहू.

पहिली : परतीचा माल मुळीच नाही. सर्व १३,००० रुपये येणाऱ्या मालावर पडतील. क्विंटलला १३० रुपये.

दुसरी : तीन गाड्यांपैकी एकीलाच परतीचा माल मिळतो आणि त्याचे भाडे ५,००० रुपये आहे. जादा खर्च वजा जाता त्या गाडीला ३,००० रुपये सुटतात. परंतु आपल्याला माल मिळेलच याची खात्री कोणालाच नाही. म्हणून मालक सरासरी १,००० रुपयेच जमेस धरतो. येणाऱ्या मालाचे भाडे १२,००० रुपये. क्विंटलला १२० रुपये.

तिसरी : प्रत्येक गाडीला ५,००० रुपये भाड्याचा परतीचा माल मिळतो. येणाऱ्या मालाचे भाडे १०,००० रुपये. क्विंटलला १०० रुपये.

चौथी : दोन्ही दिशांना मालाची मागणी समसमान आहे. एकूण खर्च १३,००० अधिक २,००० असा १५,००० रुपये. तो दोघांत सारखा वाटला गेला, तर प्रत्येकी ७,५०० रुपये. क्विंटलला ७५ रुपये.

पहिल्या आणि चौथ्या परिस्थितीतील फरक क्विंटलला ५५ रुपयांचा आहे. पन्नास किलोच्या पोत्यावर तो २७ रुपये ५० पैसे होतो. रस्ता, अंतर, गाडी, डिझेलचा दर यांपैकी काहीही बदललेले नाही. बदलली आहे ती फक्त उलट्या दिशेची मागणी.

या उदाहरणातून भाड्याच्या दोन मर्यादाही कळतात. परतीचे भाडे कितीही घसरले तरी ते २,००० रुपयांच्या खाली जाणार नाही, कारण त्याहून कमी मिळत असेल तर मालक म्हणेल, "रिकामी नेलेली बरी." ही झाली तळाची मर्यादा. उलटपक्षी, येणाऱ्या मालाचे भाडे सबंध फेरीच्या खर्चाहून, म्हणजे १३,००० रुपयांहून, फार काळ वर राहू शकत नाही. कारण तसे झाले तर इतर रस्त्यांवरच्या गाड्या इकडे वळतील आणि पुरवठा वाढेल. ही झाली वरची मर्यादा. मधल्या जागेत काय ठरते, ते मागणीच्या लवचिकतेवर अवलंबून असते. साखर, कांदा, धान्य यांची मागणी लवचिक नाही. भाडे वाढले म्हणून लोक जेवण सोडत नाहीत. चिऱ्याचे तसे नाही. चिरा जड आणि त्यामानाने कमी किमतीचा. भाडे थोडे वाढले की घाटावरचा माणूस विटा वापरतो. म्हणून चिरा भाड्याचा थोडाच भार सोसतो आणि उरलेला सर्व भार आपल्या किराणा मालावर येऊन बसतो.

हंगामाचा फेरा

मागणीची दिशा कायम एकच राहते असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर चित्र पालटते. हापूस आंबा थांबत नाही. आज काढलेला आंबा आजच निघावा लागतो. गाड्यांची मागणी एकदम वाढते आणि आंबा बागायतदार पेटीमागे जे भाडे देतो, त्यात वाशीहून रिकाम्या परतणाऱ्या गाडीचा खर्चही धरलेला असतो. याच दिवसांत मुंबईहून कोकणात माल आणणाऱ्याला मात्र गाडी सवलतीत मिळण्याचा संभव असतो, कारण त्या वेळी परतीची दिशा ती झालेली असते. तोच रस्ता, तीच गाडी. परंतु 'मुख्य' कोण आणि 'परतीचा' कोण, हे महिन्यागणिक बदलते.

याच्या अगदी उलट अवस्था पावसाळ्यात होते. आंबा संपलेला असतो. चिरेखाणी पाण्याने भरून बंद पडतात. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मासळीही वर जात नाही. म्हणजे कोकणातून बाहेर जाणारे तिन्ही प्रमुख माल एकाच वेळी थांबतात. बांधकामे थांबल्याने सिमेंट-सळ्यांची मागणी कमी होते हे खरे. परंतु धान्य, कांदा, भाजी यांची गरज तशीच राहते. अशा वेळी खाली येणाऱ्या प्रत्येक गाडीला परतीची आशा सोडूनच भाडे सांगावे लागते. त्यातच घाट बंद पडला तर पाहायलाच नको. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून अवजड वाहतूक बंद झाली, तेव्हा गाड्यांना दूरच्या वाटेने यावे लागले. फेरी लांबली की लांबलेल्या दोन्ही बाजूंचा खर्च पुन्हा एकाच मालावर पडतो.

आपल्यापुरतेच नाही

हा नियम केवळ आपल्या घाटापुरता आहे असे कोणी समजू नये. केरळ राज्यात तांदूळ, भाजीपाला, कांदा हा माल मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो, आणि बाहेर जाणारा माल वजनाने त्यामानाने कमी असतो. ईशान्य भारताकडे जाणाऱ्या गाड्यांचीही अशीच अडचण आहे. जाताना भरगच्च, येताना मालाची वाट पाहणे. तेथील ग्राहक वस्तूची किंमत देतो, तेव्हा रिकाम्या परतलेल्या गाडीचे भाडेही नकळत देत असतो.

रेल्वेलाही हे तत्त्व मान्य करावे लागले आहे. कोळशाचे डबे खाणीपासून वीज केंद्रापर्यंत भरून जातात आणि रिकामे परततात. ज्या दिशेने डबे नेहमी रिकामे धावतात, त्या दिशेने माल देणाऱ्यास भारतीय रेल्वेने भाड्यात सूट देण्याची योजना आखली. सरकारी खाते असूनही तिला चिरेवाल्यासारख्या ग्राहकासाठी वेगळा दर काढावा लागला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

टाळेबंदीच्या काळात तर हा नियम सर्वांनाच दिसला. मार्च २०२० मध्ये देशभर कारखाने आणि बहुतेक दुकाने बंद झाली. अन्नधान्याच्या गाड्यांना परवानगी होती. परंतु धान्य उतरवल्यावर परत नेण्यासाठी मालच नव्हता. शिवाय 'रिकामी गाडी म्हणजे अत्यावश्यक माल नव्हे' असे म्हणून ती अडवली जाऊ लागली. शेवटी एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना कळवावे लागले की, रिकाम्या मालमोटारींनाही जाऊ-येऊ द्यावे. रिकामी परतणारी गाडी हाही भरलेल्या गाडीचाच उरलेला अर्धा भाग आहे, हे त्या आदेशामागचे अर्थशास्त्र होते.

सरकारने एकच दर ठरवावा का?

आमच्या वर्गात या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा एका मित्राने विचारले, "मग सरकारने दर किलोमीटरला एकच भाडे ठरवून का देऊ नये?" प्रश्न रास्त आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ नुसार राज्य सरकारला भाड्यासंबंधी निर्देश देण्याचा अधिकारही आहे. परंतु आपल्याच उदाहरणात काय होईल ते पाहा. दोन्ही दिशांना ७,५०० रुपये ठरले, तर चिरेवाला ते परवडत नाही म्हणून माल पाठवणार नाही. गाडी रिकामी परत जाईल. मग मालकाच्या हाती सबंध फेरीचे ७,५०० रुपयेच येतील आणि खर्च तर १३,००० रुपये आहे. चार दिवसांत गाड्या खाली उतरायच्या बंद होतील, नाहीतर पावतीवर एक आणि हातात दुसरी अशी रक्कम सुरू होईल. ज्या ग्राहकासाठी दर बांधला, त्यालाच टंचाई सोसावी लागेल. स्वस्त परतीचे भाडे हा अन्याय वाटला, तरी तेच येणाऱ्या मालाचे भाडे खाली ओढते. चिरेवाल्याने दिलेले प्रत्येक सुटे रुपये हे आपल्या किराण्याच्या बिलातून वजा झालेले असतात.

तथापि सरकारला आणि संघटनांना करण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. परतीच्या मालाच्या वाटेत माणसानेच घातलेले काही अडसर आहेत. राष्ट्रीय परवान्यावर आलेल्या परराज्यातील गाडीला आपल्या राज्यातील दोन ठिकाणांमध्ये माल नेता येत नाही. म्हणजे बेळगावहून भाजी घेऊन कणकवलीत आलेली कर्नाटकातील गाडी रिकामी असली, तरी तिला कणकवलीहून कोल्हापूरचा माल भरता येत नाही. काही ठिकाणी स्थानिक गाड्यांचा 'नंबर' लागल्याशिवाय बाहेरच्या गाडीला माल भरू दिला जात नाही. स्थानिक गाडीवाल्याच्या पोटाचा प्रश्न मला समजतो, कारण तो आमच्याही घरचा प्रश्न आहे. परंतु बाहेरची गाडी रिकामी गेली, तर पुढच्या वेळी ती येताना आपल्याकडूनच दोन्ही बाजू वसूल करते, हेही विसरून चालणार नाही. उलट १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके गेले, त्याने गाड्यांचा खोळंबा कमी झाला. खोळंबा कमी म्हणजे महिन्यात फेऱ्या अधिक, आणि फेऱ्या अधिक म्हणजे प्रत्येक फेरीवर हप्त्याचा भार कमी.

चालकाची बाजू

भाड्याच्या या चर्चेत एक माणूस हिशेबाबाहेर राहतो, तो म्हणजे चालक. परतीचा माल मिळावा म्हणून गाडी थांबते, तेव्हा थांबण्याचाही खर्च असतो. वरील उदाहरणात परतीच्या मालातून ३,००० रुपये सुटतात. गाडी एक दिवस उभी राहण्याचे नुकसान १,५०० रुपये धरले, तर दोन दिवस थांबल्यावर मिळकत शून्य होते; तिसऱ्या दिवशी पदरचे जाऊ लागते. हा हिशेब मालक करतो. परंतु चालकाचा भत्ता पुष्कळ ठिकाणी फेरीवर असतो, दिवसावर नसतो. ते दोन दिवस त्याचे कोणीच मोजत नाही. तो गाडीखाली चटई टाकून झोपतो, स्टोव्हवर भात शिजवतो आणि भ्रमणध्वनीवर येणाऱ्या निरोपाची वाट पाहतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. परतीचे भाडे टनावर कमी मिळते, तेव्हा ते भरून काढण्यासाठी जास्त टन भरण्याचा मोह होतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या भाराची मर्यादा वाढवली, तरीही हा मोह संपलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अतिरिक्त भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड सांगितला आहे. परंतु घाटातल्या वळणावर जास्त भरलेली गाडी मागे सरकू लागते, तेव्हा दंडाची पावती कामाला येत नाही. ज्या दिशेला भाडे कमी, त्याच दिशेला चढण आहे आणि त्याच दिशेला भार जास्त भरला जातो. आंबा घाटात 'गाडी पलटी' अशी बातमी आली की आमच्या घरात आधी गाडीचा क्रमांक विचारतात.

माल पाठवणाऱ्याने काय करावे?

येथवरच्या विवेचनातून माल पाठवणाऱ्या सामान्य माणसाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली, भाडे विचारण्यापूर्वी आपला माल कोणत्या दिशेचा आहे ते ओळखावे. आपण परतीचे असू, तर आपल्या हाती घासाघीस आहे. आपण मुख्य दिशेचे असू, तर हुज्जत घालण्यापेक्षा गाडीला परतीचा माल मिळवून देणे अधिक फायद्याचे.

दुसरी, परतीच्या दराने माल पाठवायचा असेल, तर दिवस आपल्या सोयीने ठरवून चालत नाही. गाडी रिकामी होते त्या दिवशी आपला माल बांधून तयार हवा. 'आजच हवी' म्हणणाऱ्याला परतीचा दर मिळत नाही.

तिसरी, भरणे-उतरवणे लवकर करावे. अर्धा दिवस वाचवला तर तो गाडीवाल्याला पैशासारखाच असतो, आणि पुढच्या वेळी तो आपल्याकडे आधी येतो.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, एकट्याने हे साधत नाही. एका शेतकऱ्याची काजू बी किंवा कोकम गाडीभर होत नाही. दहा जणांची होऊ शकते. गावोगावच्या विकास सोसायट्या, बचत गट आणि किराणा व्यापारी यांनी मिळून आठवड्यातील एक दिवस ठरवला आणि आज कोणती गाडी कोठे रिकामी होणार हे एकमेकांना कळवले, तर रिकाम्या हौद्यात आपला माल बसू शकतो. हल्ली चालकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर गट असतात. गाडीला माल जुळवून देणाऱ्या ऑनलाइन सोयीही निघाल्या आहेत. साधन आहे, कमी आहे ती एकत्र येण्याची सवय.

समारोप

आपल्या भागात वस्तू महाग का, असे विचारले की आपण डिझेलकडे, रस्त्यांकडे किंवा व्यापाऱ्याच्या नफ्याकडे बोट दाखवतो. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे. ज्या प्रदेशातून माल बाहेर जात नाही, त्या प्रदेशाला आत येणाऱ्या मालाचे भाडे दोनदा भरावे लागते; एकदा येणाऱ्या गाडीचे आणि एकदा रिकाम्या जाणाऱ्या गाडीचे. आपल्याकडे काजूवर, कोकमावर, फणसावर प्रक्रिया करणारे बारमाही उद्योग वाढावेत असे आपण नेहमी म्हणतो, ते तरुणांच्या रोजगारासाठी. त्याने आणखी एक काम होईल. पावसाळ्यातही घाट चढणाऱ्या गाडीला माल मिळेल, आणि ज्याचा त्या उद्योगाशी काहीही संबंध नाही अशा घरातले साखरेचे पोतेही थोडे स्वस्त होईल. उत्पादन करणाऱ्याचा फायदा शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, याचे याहून सरळ उदाहरण मला तरी सापडले नाही.